७५ लिटरची सॅक घेऊ का, अक्का?

«अक्का, नमस्कार. मी खानापूरची, वय २३. घरचं किराणा दुकान आहे, ते सांभाळते आणि सुट्टी मिळाली की डोंगर. ग्रुपबरोबर राजहंसगड, महिपालगड, पारगड, चोर्ल्याकडचं रान असं फिरणं होतं. आतापर्यंत कॉलेजच्या बॅगेवर भागवलं. यंदा डिसेंबरात उत्तराखंडात केदारकांठ्याला जायचं ठरलंय, एका ट्रेक कंपनीबरोबर. पुढं जमलं तर उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सही करायचा आहे. बेळगावात एका दुकानात ७५ लिटरची सॅक सेलमध्ये लागलीय. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेत. ते म्हणतात, मोठीच घे, मोठ्यात लहान मावतं. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, ४० लिटरच्या वर मुलींनी उचलूच नये. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ४७ किलो. सॅक एकच परवडणार, आणि ती सगळीकडं चालली पाहिजे. दुकानदार एक जांभळी ‘लेडीज’ सॅक दाखवतोय. ती खरंच वेगळी असते की नुसता रंग? आणि काकांना काय सांगू?
— एक वाचक, खानापूर»

बाळ, ७५ ची घेऊ नको. निम्म्या किमतीत मिळाली तरी नको.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कानावर येतो तो ‘किती लिटरची दाखवू?’ तिथंच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. लिटर हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न तुझ्या पाठीची लांबी किती, दुसरा तुझं सामान किती. या दोन्हींची उत्तरं घरी बसून मिळतात, दुकानदाराला विचारायची गरज नाही.

पाठ मोजायला आईला किंवा बहिणीला शिवणकामाची टेप घेऊन मागं उभी कर. मान खाली घाल. मानेच्या बुडाशी एक हाड टचकन वर येतं, तिथं बोट ठेवायला सांग. आता दोन्ही हात कमरेवर असे ठेव की अंगठे मागं येतील आणि पंजे कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथं येते तो खालचा बिंदू. मानेच्या हाडापासून तिथपर्यंत, पाठीच्या वळणाला धरून टेप लावायची. तुझ्या उंचीला १५ ते १६ इंचांच्या आसपास काहीतरी निघेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नको. पाच फूट एक इंचाच्या दोन मुलींपैकी एकीची पाठ लांब आणि पाय आखूड असू शकतात, दुसरीचं उलट. सॅकला तुझे पाय दिसत नाहीत, पाठच दिसते.

याचा एवढा बाऊ कशाला करते ते सांगते. चांगल्या सॅकमध्ये भाराचा बराच मोठा हिस्सा, साधारण तीन चतुर्थांश, कमरपट्ट्यावर म्हणजे कमरेच्या हाडांवर बसतो. खांद्यांचं काम सॅक पाठीशी धरून ठेवणं, एवढंच. पाठीच्या मापापेक्षा सॅकची चौकट लांब असेल तर पट्टा हाडांवर बसायच्या ऐवजी खाली मांड्यांवर घसरतो, आणि सगळा भार परत खांद्यांवर येतो. दोन तासांनी खांदे दुखायला लागतात, मग माणूस पुढं वाकून चालतो, मग मान धरते. रात्री तंबूत बसून सगळे सॅकच्या कंपनीला शिव्या देतात. कंपनीचा दोष नसतो, माप चुकलेलं असतं. ७५ लिटरच्या बहुतेक सॅका लांब पाठीच्या माणसांच्या हिशेबानं बनवलेल्या असतात. काहींत आखूड मापही मिळतं, पण सेलमध्ये शिल्लक राहिलेली सॅक तुझ्या मापाची निघणं म्हणजे योगायोगच.

म्हणून सॅक घेताना पाठीचा भाग वर-खाली करता येणारी बघ. आत वेल्क्रोची किंवा पट्ट्यांची सोय असते, खांद्याचे बंद जिथं जोडलेले असतात तो भाग सरकवता येतो. सॅक एकच घ्यायची आणि बरीच वर्षं वापरायची म्हणतेस, तर यासाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

आता सामान. तुला एक सोय आहे जी कुणाला नसते: घरात दुकान आहे, म्हणजे खोकी आहेत आणि काटा आहे. केदारकांठ्याला नेणार ते सगळं सामान काढ. जाड जॅकेट, फ्लीस, थर्मलचे जोड, दोन पँट, रेनकोट, मोजे, हातमोजे, कानटोपी, टॉर्च, औषधं, ताट-वाटी, पाण्याच्या बाटल्या. झोपायची सोय कंपनी करणार असेल तर स्लीपिंग बॅग आणि तंबू यात धरू नको, पण कंपनीला फोन करून पक्कं विचार. हे सगळं बिस्किटांच्या एका रिकाम्या खोक्यात भर, सॅकमध्ये दाबतो तसं दाबून. मग खोक्याची लांबी, रुंदी आणि सामान जिथपर्यंत आलं ती उंची सेंटिमीटरमध्ये मोज. तिन्हींचा गुणाकार कर, हजारनं भाग. उत्तर लिटरमध्ये येतं. समज ४० गुणिले ३० गुणिले ३५ आलं, तर ४२ लिटर. त्यात चार-पाच लिटर मोकळीक धर, कारण परतीला ओले मोजे आणि अर्धवट घडी घातलेले कपडे जाताना होते तेवढ्या जागेत कधीच बसत नाहीत.

माझा अंदाज, तुझा आकडा ४० ते ४५ च्या मधे कुठंतरी येईल. म्हणून ४५ ते ५० लिटरची सॅक घे, असं मी म्हणेन. अनेक सॅकांवर ‘४५+१०’ असं लिहिलेलं असतं. त्यातले दहा म्हणजे वरचं लांब कापड, ते ओढून वर घेता येतं आणि झाकण वर सरकतं. अशी मिळाली तर तुझं काम झालं. मात्र हे आकडे तंतोतंत धरू नको. प्लास्टिकच्या बारीक गोळ्या भरून सॅकचं आकारमान मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, पण प्रत्येक कंपनी तीच पाळते असं नाही. कुणी झाकणाचा खिसा धरतं, कुणी बाजूचे जाळीदार खिसेही धरतं. दोन ‘५० लिटर’ शेजारी ठेवल्या तर एक दुसरीच्या डोक्यावरून जाते.

तुझ्या मित्राचं ‘४०’ ऐकून मला हसू आलं. लिटर म्हणजे जागा, किलो म्हणजे भार. हे तर दुकानवालीला सांगायला नको. ४० लिटरच्या डब्यात तांदूळ भरला तर तीस किलोच्या वर जाईल, चुरमुरे भरले तर चार-पाच किलोही होणार नाहीत. मुलींनी किती लिटर उचलावं हा प्रश्नच फजूल आहे. विचारायचंच असेल तर किती किलो उचलावे हे विचार, आणि ते मुलगा-मुलगी बघून ठरत नाही, अंगाचं वजन आणि सराव बघून ठरतं. डोंगरवाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: एका दिवसाच्या चालीला अंगाच्या वजनाच्या दहा टक्के, मुक्कामाच्या ट्रेकला वीस टक्क्यांपर्यंत. तुझे ४७ किलो धरले तर वीस टक्के म्हणजे साडेनऊ किलोच्या आत. यात सॅकचं स्वतःचं वजन धर आणि पाणीही धर. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथंच गेले, सॅकचा दीडेक किलो. उरले सहा. मोठ्या सॅकेचं आणखी एक दुखणं इथं कळतं: ती रिकामीच अडीच किलोच्या आसपास भरते, म्हणजे एक जास्तीचं जॅकेट तू कापडाच्या आणि बकलांच्या रूपात वाहत असतेस.

आणि काकांच्या म्हणण्याबद्दल. मोठ्यात लहान मावतं हे खरं आहे, पण मावलेलं सामान स्थिर राहत नाही. अर्धी रिकामी सॅक पोटातून ढिली पडते, जड वस्तू खाली आणि पाठीपासून लांब जातात, चालताना भार मागं ओढतो. बाजूचे दाबपट्टे आवळून थोडं सावरता येतं, पण ७५ ची सॅक ४० ची होत नाही. शिवाय जागा दिसली की ती भरली जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. मी आजवर अर्धी रिकामी ठेवून निघालेली मोठी सॅक पाहिलेली नाही. तिसरा स्वेटर, दुसरी चादर, आईनं दिलेला चिवड्याचा मोठा डबा. काकांचा पिठ्ठू, म्हणजे फौजेतली पाठीवरची सॅक, वेगळा. फौजेत काय न्यायचं ते हुकुमानं ठरतं, आणि ते वाहायला सगळी पलटण बरोबर असते.

मोठी सॅक लागते ती कुणाला, तेही सांगते, म्हणजे तुला पुढं कधी लागली तर ओळखता येईल. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, इंधन, आठवड्याचा शिधा सगळं आपल्या पाठीवर असेल तर ६५ ते ८० लिटर लागतात. उणे तापमानाची सिंथेटिक स्लीपिंग बॅग एकटीच पंधरा-वीस लिटर खाते. पिसांची असली तर त्याच्या निम्म्यात बसते, पण महाग. त्यावर पन्नास मीटरचा दोर म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलो, भिजला की आणखी. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे काटे, किलोभर, आइस अ‍ॅक्स (बर्फात वापरायची कुऱ्हाड) अर्धा किलो. मोठ्या मोहिमांत तरी एकच सॅक कुठं असते? बेस कॅम्पपर्यंत किट बॅग खेचरावर जाते, वरच्या कॅम्पला सामान पोचवायला मोठी सॅक, आणि शिखराच्या दिवशी पाठीवर पाणी, जॅकेट, थोडं खाणं एवढीच तिशीच्या आतली छोटी. सगळीकडं चालणारी एक सॅक हे स्वप्न गिर्यारोहकांनी केव्हाच सोडून दिलंय. तूही सोड. तुझी कॉलेजची बॅग फेकू नको म्हणजे झालं. महिपालगडाला, वैजनाथाच्या डोंगराला जायला तीच बरी, आणि पारगडावर तर वस्ती आहे, मुक्काम केला तरी तंबू लागत नाही.

बेसिक कोर्सचं म्हणशील तर त्यासाठी आत्ता सॅक घेऊच नको. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिकवते आहे, दार्जिलिंगची संस्था १९५४ पासून. बूट, दोर, आइस अ‍ॅक्स, स्लीपिंग बॅग, सॅक हे मुख्य साहित्य अशा संस्था आपल्याकडून देतात. प्रवेश मिळाल्यावर यादी येते. ती वाचून मगच उरलेलं घ्यायचं. तिथं मात्र तुझा भार वीस टक्क्यांवर थांबणार नाही, आणि सॅकही तुझ्या पाठीला बेतून शिवलेली नसणार. म्हणून तयारी अंगाची कर.

ती तयारी राजहंसगडावर होते. येळ्ळूरच्या बाजूनं चढताना सॅकमध्ये पाच किलोपासून सुरुवात कर, दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा किलो वाढव. भार पाण्याच्या बाटल्यांचा ठेव. वर पोचल्यावर ते पाणी एखाद्या झाडाला घालायचं आणि उतरताना हलकं यायचं. चढताना दमतो तो श्वास, उतरताना झिजतात ते गुडघे, आणि गुडघे तुला अजून पुष्कळ वर्षं वापरायचे आहेत. काटा घरात असताना ‘साधारण आठ-नऊ किलो असेल’ असं म्हणायची पाळी येऊ देऊ नको.

जांभळ्या सॅकेबद्दल. रंगावर जाऊ नको, पण रंग आहे म्हणून नाकारूही नको. बायकांसाठी म्हणून खरोखर बेतलेल्या सॅकेची पाठ आखूड असते, खांद्याचे बंद जवळजवळ आणि छातीला वळसा घालून जाणारे असतात, आणि कमरपट्ट्याचा कोन रुंद कमरेवर बसेल असा असतो. तुझ्या बांध्याला अशीच बरी बसण्याची शक्यता जास्त. पण काही ठिकाणी नुसतं कापड बदलून ‘लेडीज’ चिठ्ठी लावतात. ओळखायचं असेल तर शेजारी त्याच मापाची दुसरी सॅक ठेव आणि पट्ट्यांचे आकार ताडून बघ. फरक दिसला नाही तर तो फक्त रंगच.

दुकानात जाताना घरून पाच किलोची तांदळाची एक पिशवी आणि दोन-तीन किलो डाळ घेऊन जा. बेळगाव बासमती असो की कोलम, काट्याला सारखेच. बरोबर एक जुनी चादरही ने. रिकामी सॅक पाठीवर घालून आरशात बघणाऱ्यांना सगळ्याच सॅका छान बसतात. चादर तळाला घाल, तांदूळ मधोमध पाठीला चिकटून, डाळ त्याच्यावर. आता सगळे बंद ढिले करून सॅक घाल. आधी कमरपट्टा हाडांवर आणून आवळ. मग खांद्याचे बंद ओढ, पण इतके नाही की भार परत खांद्यावर येईल. मग खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडं जाणारे छोटे पट्टे हलकेच ओढ. ते तिरके, साधारण अर्ध्या काटकोनाएवढे कलले पाहिजेत, अगदी आडवे झाले तर सॅक तुझ्यासाठी आखूड आहे. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. खांदा आणि बंद यांत फट दिसता कामा नये. जिना असेल तर दोनदा वर-खाली कर. मान मागं टाकून छताकडं बघ. डोकं सॅकवर आपटलं तर हेल्मेट घातल्यावर वरचा खडक तुला दिसणारच नाही. हे सगळं व्हायला वीस मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे की.

चढाईचं डोक्यात असेल तर सॅक अंगाच्या रुंदीतच राहणारी, निमुळती बघ. बाजूला फुगलेले खिसे आपल्या रानात करवंदीच्या जाळ्यांत अडकतात आणि खडकावर घासून फाटतात. आइस अ‍ॅक्स अडकवायची कडी, काढता येणारं झाकण आणि वर धरून उचलायला भक्कम फास असावा. बाकी बाटलीचा खिसा, फोनचा खिसा, शिट्टी असलेलं बकल याला फार महत्त्व देऊ नको.

पाऊस मात्र महत्त्वाचा. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस पाहिलेल्या मुलीला मी काय सांगणार, पण ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या सॅकेतही शिवणीतून आणि चेनमधून पाणी शिरतं. रेनकव्हर बाहेरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि तिकडून पाणी झिरपतं. तुमच्याकडं येणाऱ्या काही पोत्यांत आतून जाड प्लास्टिकची पिशवी असते, तसली एक स्वच्छ धुऊन सॅकेच्या आत अस्तरासारखी घाल आणि सामान तिच्यात भर. त्यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. आणखी एक रिकामं मोठं पोतं बरोबर ठेव. गोवा एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली आणि पुढं पहाडातल्या बसच्या टपावर सॅक त्यात घालून तोंड बांधलं की पट्टे कुठं अडकून तुटत नाहीत.

राहिले काका. त्यांना सॅक निवडायला बोलावू नको, भरायला बोलाव. सामान कुठं घालायचं हे फौजी माणसाइतकं कुणाला कळत नाही: झोपायचं तळाला, जड ते पाठीशी मध्यावर, लगेच लागणारं वर, आणि बाहेर लटकणारं काही नाही. जाण्याच्या आधी आठवडाभर त्यांना समोर बसवून एकदा सगळी सॅक भर, काट्यावर ठेव, आणि साडेनऊच्या वर काटा गेला तर काय काढायचं ते त्यांनाच ठरवू दे. स्वतःच्या हातानं काढलेली वस्तू ते पुन्हा आत घालायला सांगणार नाहीत. फक्त चिवड्याचा डबा आईच्या समोर काढू नको.

सॅक घेतल्यावर बिल जपून ठेव आणि चिठ्ठी कापण्याआधी ती भरून घरात तासभर वावर. माप बसलं नाही तर बदलून देणार का, हे पैसे मोजण्याआधी विचारून घे. सेलचा माल बरेच जण परत घेत नाहीत.